एकसष्ट ओळी

लाजऱ्या माणसाच्या हातून पत्रांची उत्तरं राहतातच. मोरेश्वर टेंब्यांच्या हातूनही पुष्कळ राहिली होती, आणि त्यातली बहुतेक ते विसरलेही होते. एक मात्र विसरता येत नव्हतं. ते आठवलं, की हातातलं पुस्तक मिटून ते उठत आणि काहीतरी काम असल्यासारखे दुसऱ्या खोलीत जात. दुसऱ्या खोलीत काही काम नसे.

पत्र बावीस वर्षांपूर्वीचं, वरोऱ्याहून आलेलं. खाकी पाकिटात एक हाती लिहिलेला कागद आणि कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापलेल्या एकसष्ट ओळी. हाती लिहिलेला मजकूर टेंब्यांना पाठ होता.

‘स. न. वि. वि. तुमचा ‘थेंब’ मी आमच्या वीज उपकेंद्राच्या पानासाठी वापरते. लाइन जाऊन परत आली, की सगळे एकदम मागायला लागतात आणि पान आडवं होतं. त्यावर उपाय लिहिला आहे. आमच्या इथून इंटरनेटवर वाचता येतं, काही पाठवता येत नाही, म्हणून छापून पोस्टाने पाठवते. चालवून पाहावं. चुकलं असेल तर सांगावं, बरोबर असेल तरी सांगावं. – हेमलता बोरकुटे, कनिष्ठ अभियंता.’ खाली घरचा पत्ता.

‘थेंब’ हे टेंब्यांनी मिरजेच्या कॉलेजात शिकवत असताना फावल्या वेळात लिहिलेलं एक लहानसं सॉफ्टवेअर. इंटरनेटवरचं पान त्यात छोट्या तुकड्यांत फोडलं जाई. आधी अक्षरं, मग आकडे, मग चित्रं. मधेच संपर्क तुटला तर फोन जिथे थांबला तिथून पुढचे थेंब मागे, पहिल्यापासून नाही. टेंब्यांनी ते ‘ओसरी’वर ठेवलं. ओसरी म्हणजे प्रोग्रॅमर मंडळींची एक वेबसाइट. तिथे कुणीही आपलं अवजार मांडावं, कुणीही उचलावं, नावं ठेवावीत, दुरुस्त करून परत द्यावं. समोरासमोर चार वाक्यं बोलताना घाम फुटणाऱ्या टेंब्यांना ही जागा फार मानवली.

ज्या दिवशी पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी त्या एकसष्ट ओळी टाइप करून चालवून पाहिल्या, आणि ते खुर्चीत मागे टेकून बसून राहिले. बाईंनी त्या फंक्शनला नाव दिलं होतं ‘पंगत’. तत्त्व अगदी घरगुती. ज्या फोनला अजून एकही थेंब पोचला नाही त्याने लगेच मागावं. ज्याला जितके पोचले असतील त्याने तितकं थांबून मागावं. आधी ज्यांच्या पानात काहीच नाही त्यांना वाढा, मग दुसरा भात. थांबणं वाढत वाढत सदतीस थेंबांपर्यंत जाई, त्यापुढे सगळ्यांना सारखंच. टेंब्यांनी तीन वर्षं डोकं खपवून जी गर्दी मोडली नव्हती ती या ओळींनी मोडली.

त्यांच्या धंद्यात एक पद्धत असते. कोडमध्ये कुणीही बदल केला की त्याची नोंद होते: कुणी केला, केव्हा, कशासाठी. त्या नोंदीला कमिट म्हणतात. एकदा केलेली नोंद खोडायची नाही, कारण हजारो लोकांनी आपली प्रत त्या नोंदीवर उभी केलेली असते. आता बोरकुटेबाईंचा बदल कागदावरून आला आणि टेंब्यांच्या बोटांनी आत गेला. ‘कुणी’ या रकान्यात यंत्राने आपोआप लिहिलं: मोरेश्वर टेंबे. ‘कशासाठी’ या रकान्यात टेंब्यांनी लिहिलं: गर्दीवर उपाय.

बाईंचं नाव घालायचंच होतं. पण आधी उत्तर लिहावं, त्यांच्या कार्यालयाला नाव छापलेलं चालेल ना ते विचारावं, मग रीतसर घालावं. पहिला मसुदा कोरडा वाटला. दुसरा सहा पानी झाला. तिसऱ्यात एक संस्कृत श्लोक आला आणि तो वाचून टेंब्यांना स्वतःचीच लाज वाटली. दोन महिने गेले. मग, एवढा उशीर का झाला हेही लिहायला हवं होतं, म्हणून पत्र आणखी अवघड झालं. तोवर पंगतीचं नाव झालं. दूरदूरचे लोक थेंब वापरू लागले ते तिच्यासाठीच. ‘टेंबे सरांची पंगत’ असं लोक म्हणू लागले, आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं.

वर्षातून एकदा तरी ओसरीवर कुणीतरी विचारीच: सदतीसच का? तीस केले की बिघडतं, चाळीस केले की बिघडतं. कुणी म्हणे तो सरांच्या घराचा नंबर आहे, कुणी म्हणे काकूंनी सांगितलेला आकडा आहे. टेंबे दर वर्षी एकच ओळ लिहीत: ‘प्रयोगांती ठरलेला आकडा आहे.’ खोटं नव्हतं. फक्त प्रयोग त्यांचा नव्हता.

*

टेंबे अडुसष्ट वर्षांचे झाले तेव्हा ओसरीचं व्यवस्थापन झीनत मुल्ला बघत होती. राहायला सांगलीला. एका सकाळी ती स्कूटरवरून मिरजेला आली, टेंब्यांच्या पत्नी कुंदाताईंनी दिलेलं सरबत एका दमात प्यायली आणि म्हणाली, “सर, तुमचा वारस तयार आहे. आज भेटून घ्या.”

वारस ही गेल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. अवजारं लिहिणारी पहिली पिढी थकली होती, काही माणसं गेली होती, आणि त्यांची अवजारं मात्र दवाखान्यांत, बँकांत, शाळांत चालूच होती. बिघडली तर विचारायचं कुणाला? म्हणून ओसरीने लेखकांचे वारस बनवायला घेतले. वारस म्हणजे यंत्रच, पण ते कोड वाचून शिकत नसे. ते खोडाखोड वाचून शिके. टेंब्यांनी पंचवीस वर्षांत काय लिहिलं, त्यातलं काय पुसलं, पुसून काय घातलं, कुणाच्या शंकेला काय उत्तर दिलं आणि पाठवण्याआधी त्यातला कुठला शब्द काढला, हे सगळं ओसरीच्या पोटात साठलेलं होतं. चूक आणि दुरुस्ती यांच्यामधली जी वाट असते ती प्रत्येकाची वेगळी असते. ती वाट पुरेशा वेळा चालून पाहिली, की समोर नवी अडचण आली असता हा माणूस कुठे वळला असता ते वारस सांगू शके.

“आणि याच वेळी का घाई,” झीनत म्हणाली, “तर पुढच्या एक तारखेपासून साखळी सुरू होतेय. मोबाइलचा मनोरा नसेल तिथे फोनच एकमेकांचे मनोरे होणार. एकाने आणलेला मजकूर शेजारचा उचलणार, त्याचा पलीकडचा. जत भागातली सगळी आरोग्य उपकेंद्रं त्यावर जातायत, आणि त्यांची पानं थेंबवर आहेत. पंगत साखळीला जुळवून घ्यावी लागेल. ते काम वारस करेल. तुम्ही फक्त किल्ल्या, म्हणजे बदल करायचे हक्क, त्याच्याकडे द्यायचे.”

तिने लॅपटॉपचा पडदा उघडला आणि वारसाला विचारलं, “थेंबमध्ये चित्रं सगळ्यात शेवटी का?”

वारस म्हणाला, “चुकत असेन कदाचित, पण मला वाटतं, चित्र नसलं तर माणूस वाट बघतो, आकडा नसला तर घाबरतो.”

स्वयंपाकघरातून कुंदाताईंचं हसणं ऐकू आलं. “‘चुकत असेन कदाचित.’ अहो, हे तर तुम्हीच. चाळीस वर्षं रोज ऐकतेय. भाजीत मीठ कमी आहे, चुकत असेन कदाचित.”

झीनतही हसली. तिने आणखी आठ-दहा प्रश्न विचारले. वारस टेंब्यांसारखाच अडखळत, तिसऱ्याच गोष्टीचा दाखला देत, पण बरोबर उत्तरं देत गेला. टेंब्यांना स्वतःला बाहेरून ऐकायची गंमत वाटू लागली. मग झीनतने ओसरीचा नेहमीचा विनोद केला. “आता सांगा सर, सदतीसच का?”

“हे मी लिहिलेलं दिसत नाही,” वारस म्हणाला. “ज्याने लिहिलं त्याला विचारावं.”

टेंब्यांच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला गेला.

“असं कसं?” झीनतने आत काहीतरी तपासलं. “सर, मजाच आहे. तुम्ही एक ओळ लिहिता ती सरासरी चारदा खोडून. पंगतीच्या एकसष्ट ओळी एकदाही न खोडता एका दुपारी उतरल्यात. म्हणून त्याला त्या तुमच्या वाटत नाहीत. खात्री म्हणाल तर शंभरात अकरा.” ती खांदे उडवून म्हणाली, “होतं असं. एखाद्या दिवशी माणसाचा हात लागतो, त्याला मशीन काय करणार? इथे एक खूण करायची, ‘या ओळी माझ्या’. मग तो आपल्या मानेल आणि कामाला लागेल. करू?”

तिचा स्वर इतका साधा होता, की टेंब्यांना वाटलं, हिने सगळं ओळखून दार उघडून धरलं असतं, तर खरं सांगून बाहेर पडणं एवढं अवघड गेलं नसतं.

“शनिवारपर्यंत वेळ दे,” ते म्हणाले.

*

झीनत गेल्यावर त्यांनी जे केलं ते पुढे त्यांनाच नवल वाटावं असं होतं. लाज बाजूला राहिली आणि कुतूहल वर आलं. खूण केली तर होईल तरी काय? वारसाची चाचणीपुरती एक प्रत काढता येत होती. त्यांनी ती काढली, संगणकात जत भागासारखं एक खोटं जाळं उभारलं, चाळीस उपकेंद्रं आणि त्यांच्यामधल्या वाड्यावस्त्यांचे फोन मांडले, आणि प्रतीमध्ये ती खूण केली. या ओळी माझ्या.

मग विचारलं, “सदतीसच का?”

“चुकत असेन कदाचित,” प्रत म्हणाली, “पण तो प्रयोगांती ठरलेला आकडा आहे. जुन्या मनोऱ्यांच्या काळचा. साखळीत चाळीस ठेवायला हरकत नाही.” आणि तिने कारणं दिली. एकूण सहा. प्रत्येक कारण टेंब्यांच्या वळणाचं, विनयाचं, वाचनाने आलेल्या दाखल्यांचं. ऐकता ऐकता टेंब्यांना ती पटूही लागली. मग प्रतीने पंगत बदलली आणि खोट्या जाळ्यात सोडली.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पडद्यावरचे कडेचे ठिपके एकेक करून विझायला लागले. टेंबे पुढे झुकून पाहत राहिले. कारण कळायला त्यांना दुपार लागली. साखळीत मधल्या फोनना दुसऱ्यांसाठी मजकूर वाहावा लागतो. त्यांच्याकडे पुष्कळ थेंब जमलेले दिसतात. पंगत त्यांना म्हणे, तुमचं पोट भरलंय, थांबा. आणि ते थांबले, की त्यांच्या मागची सगळी वस्ती उपाशी. शेवटच्या वाडीतल्या नर्सबाईला औषधाचं पान उघडायला पाच तास लागत होते, आणि प्रत निर्धास्तपणे सांगत होती, की सारं ठीक आहे.

आपण बावीस वर्षं बोललेलं अर्धं खोटं आपल्याच आवाजात, न अडखळता बोललं जाताना त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. ते अडखळत होते तोवर निदान त्यात एक फट होती. ही फट यंत्राने बुजवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झीनतला फोन केला. फोन करणं त्यांना आवडत नसे, म्हणून आधी कागदावर लिहून घेतलं होतं.

“झीनत, एक विचारायचं होतं. फक्त त्या एकसष्ट ओळींचा वारस बनवता येईल का?”

“फक्त पंगतीचा? सर, एकसष्ट ओळींत काय माणूस सापडणार? त्यातून खोडाखोडही नाही.” मग तिलाही उत्सुकता वाटली. “पातळ होईल हो. पण करून बघू. कशाला हवाय?”

“बघायचंय,” टेंबे म्हणाले. कागदावर एवढंच लिहिलेलं होतं.

तो पातळ वारस संध्याकाळी आला. त्याला नाव नव्हतं, आवाज नव्हता, पडद्यावर फक्त अक्षरं उमटत. पण पहिल्याच उत्तराला टेंबे सावरून बसले. त्यांनी विचारलं होतं, सदतीस कुठून आले?

‘माहीत नाही. विचार करणारा माणूस गोल आकडा घेतो. मोजणारा, मोजलेला घेतो. हा मोजलेला आहे. काय मोजलं ते ओळींत नाही.’

पुढचे तीन दिवस टेंबे त्या खुर्चीतून उठले ते जेवणापुरते. लिहिणाऱ्याला घाई होती का? ‘नाही. काम संपल्यावर लिहिलंय. दमलेला माणूस मोजकं लिहितो.’ नावं अशी का दिली? ‘वाचणारा अनोळखी आहे हे धरून. त्याला त्रास होऊ नये म्हणून.’ अनोळखी वाचणारे ते स्वतः होते. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, जी त्यांनी कधी कुणाला विचारली नव्हती. चाळिसावी ओळ. तिच्यात ‘वाढपी’ नावाची एक जागा राखून ठेवलेली होती आणि पुढे ती कुठेच वापरलेली नव्हती. टेंब्यांना ती बाईंची नजरचूक वाटत आली होती. काढायचा धीर झाला नाही म्हणून ती राहिली होती.

पातळ वारसाने लिहिलं, ‘नजरचूक नाही. या लेखनात दुसरी एकही जागा वाया गेलेली नाही. ज्याने लिहिलं त्याने जेवणारे आणि वाढणारे वेगळे धरले होते. वाढणाऱ्यांचा भाग नंतर लिहायचा असावा. तो मला माहीत नाही.’

टेंबे किती तरी वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. जेवणारे आणि वाढणारे. जो फोन दुसऱ्यासाठी वाहतो त्याला पंगतीत धरायचंच नाही. खोट्या जाळ्यातल्या कडेच्या वाड्या ज्यामुळे विझल्या त्यावरचा उपाय, निदान त्याचं दार, बावीस वर्षं चाळिसाव्या ओळीत होतं. त्या बाईंना पुढचं माहीत होतं. उत्तर आलं असतं तर दुसरं पाकीट आलं असतं.

“कुणाशी बोलताय एवढं?” कुंदाताई चहा घेऊन मागे उभ्या होत्या.

टेंब्यांनी सांगितलं. पत्र, एकसष्ट ओळी, कमिट, सगळं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि ही एकच गोष्ट त्यांनी बायकोला सांगितलेली नव्हती. कुंदाताईंनी चहा ठेवला. त्या तेहतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होत्या. कुणाचं काहीही ऐकून चेहरा न हलवण्याची त्यांना सवय होती.

“म्हणजे बाईला चार ओळी लिहायला बावीस वर्षं जमलं नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तिच्या सावलीशी तीन दिवस गप्पा चालल्यात.”

“तिच्याशी बोलायला भीती वाटते, कुंदा. ही रागावत नाही.”

“विचारलंत वाटतं?”

“विचारलं.” ते खाली बघून म्हणाले. “म्हणाली, ओळींत राग नाही.”

“ओळींत कसा असेल? राग यायला उत्तराची वाट पाहावी लागते. ओळी लिहून झाल्यावरची गोष्ट आहे ती.” कुंदाताईंनी खुर्ची ओढली. “हे बघा, मला तुमचं ते पंगत-बिंगत कळत नाही. ड्यूटी बदलताना आम्ही वहीत काय लिहायचो ते सांगते. कुठलं औषध कुणी दिलं. मी दिलं तर माझं नाव, शिंदेसिस्टरने दिलं तर तिचं. ते काही तिचा मान राखायला नाही. उद्या पेशंटला रिॲक्शन आली तर विचारायचं कुणाला, ते कळावं म्हणून. तिने दिलेलं मी माझ्या नावावर लिहिलं, तर मला विचारणार. आणि मला काय ठाऊक?”

टेंब्यांनी चहाचा कप जवळ ओढला.

“बाई आहे का?” कुंदाताईंनी विचारलं.

“ठाऊक नाही. माझ्याहून वयाने लहान असाव्यात. कनिष्ठ अभियंता होत्या तेव्हा.”

“मग आधी तेच विचारा. आणि श्लोक नको.”

*

शनिवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून टेंबे संगणकापाशी बसले. आपल्या वारसाला एकदा सांगून पाहावं, असा मोह त्यांना झाला, आणि त्यांनी सांगितलंही: बोरकुटेबाईंना उत्तर लिही. वारसाने लिहिलेलं पत्र सुरेख होतं. त्यात खंत होती, नम्रता होती, आणि श्लोकही होता. टेंब्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि पुसून टाकलं. स्वतः लिहायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात फक्त ‘स. न. वि. वि.’ झालं.

पत्र पाठवायचं कुठे, याचं उत्तर मात्र त्यांना सापडलं होतं. जुनी नोंद खोडता येत नव्हती. पण नवी करता येत होती. त्यांनी पंगतीच्या वर एकच ओळ घातली: ‘लेखन: हेमलता बोरकुटे, वरोरा.’ आणि ‘कशासाठी’ या रकान्यात, जिथे लोक तीन-चार शब्द लिहितात, तिथे उत्तर लिहिलं. ही नोंद थेंब वापरणाऱ्या प्रत्येकाच्या प्रतीत जाणार होती. ती पुन्हा कुणालाच, त्यांनाही, पुसता येणार नव्हती.

‘स. न. वि. वि. आपलं पत्र बावीस वर्षांपूर्वी मिळालं. आपला उपाय त्याच दुपारी चालवून पाहिला. बरोबर आहे. हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी लाजेने, नंतर लोक माझं कौतुक करू लागले म्हणून. या एकसष्ट ओळी आपल्या आहेत, नावासकट. सदतीस का, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही. माहीत असल्यासारखं मी दाखवत आलो. चाळिसाव्या ओळीत आपण वाढप्यांसाठी जागा ठेवली होती. तिथे काय यायचं होतं, ते कळवाल का? त्याची आता खरोखर गरज आहे. कळवायचं नसेल तरी मी समजू शकतो. – मोरेश्वर टेंबे.’

त्यांनी ते चारदा खोडलं होतं. पाचव्यांदा खोडायला हात गेला, तो त्यांनी मागे घेतला आणि कळ दाबली.

दहा मिनिटांत झीनतचा फोन आला.

“सर,” ती म्हणाली, “मी ती खूण करून टाकली असती.”

“मलाही करावीशी वाटली होती.”

“लोक वाचतायत.”

“काय म्हणतायत?”

“काही बरं म्हणतायत. एकाने लिहिलंय, सरांनी बावीस वर्षं दुसऱ्याचा नमस्कार घेतला.”

“बरोबर आहे.” टेंब्यांना वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही. लागलं, पण जिथे लागायला हवं तिथेच लागलं. “आणि एक तारखेचं काय करायचं?”

“साखळीत पंगत बंद ठेवून थेंब चालवू. पानं सावकाश येतील, पण शेवटच्या वाडीपर्यंत येतील. किल्ल्या उद्या देऊ, पंगतीची सोडून. ती किल्ली तुमची नाहीच म्हणा.” मग तिने विचारलं, “त्यांचा फोन नंबर शोधू का? मिळेल.”

“नको,” टेंबे म्हणाले. “त्यांनी पोस्टाने पाठवलं होतं.”

त्यांनी तोच मजकूर कागदावर उतरून काढला, हाताने. कुंदाताईंनी नीटनेटकी घडी घालून तो पाकिटात घातला, कारण टेंब्यांच्या घड्या नेहमी तिरक्या येत. पत्ता टेंब्यांनी जुन्या पत्रावरून उतरवला. इतक्या वर्षांनी बाई तिथे असतील का, रस्त्याचं नाव तरी तेच असेल का, काही ठाऊक नव्हतं. पण जुना पोस्टमन नसला तरी शेजारीपाजारी असतात, आणि बोरकुट्यांचं घर कुणाला तरी माहीत असेल.

पोस्टात अकरा वाजता फारशी गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं आणि आकडा बघितला.

“स्पीड पोस्टच ना, काका? चंद्रपूर जिल्हा म्हणजे तीन दिवस तरी धरा.”

“चालेल,” टेंबे म्हणाले.

तिने शिक्का मारला. पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.